देणारीलाही तपासा!

ऑगस्ट २०२५ मध्ये एक बातमी आली होती. तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलीही असेल. देशभरातल्या अवयव प्रत्यारोपणाचा कारभार पाहणारी 'नोटो' नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. तिने राज्यांना दहा मुद्द्यांचं पत्र धाडलं. त्यातला एक मुद्दा असा, की मरणोत्तर दानातून आलेले अवयव देताना प्रतीक्षा यादीतल्या स्त्री रुग्णांना जादा गुण द्यावेत, प्राधान्य द्यावं. चांगलीच गोष्ट. पण विषय हळूहळू मागे पडला.

मला मात्र त्या बातमीबरोबर आलेले आकडे काही केल्या डोक्यातून जाईनात. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत आपल्या देशात ५६,५०९ जिवंत माणसांनी अवयव किंवा त्याचा भाग दान केला. त्यात बायका ३६,०३८ आणि पुरुष २०,४७१. आता घेणारे बघा. पुरुष ३९,४४७, बायका १७,०४१. म्हणजे देणाऱ्या शंभरात बायका चौसष्ट आणि घेणाऱ्या शंभरात जेमतेम तीस! हळदीकुंकवाला वाण देतानासुद्धा आपण इतका एकतर्फी हिशेब करत नाही.

शिवाय हे जादा गुण फक्त मरणोत्तर दानाच्या यादीत. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली, त्यातली १५,४३६ जिवंत दात्यांकडून. तिथे कसली यादी आणि कसले गुण? तिथला निर्णय घरात होतो. माजघरात, दबक्या आवाजात, 'तुझं रक्त जुळतंय, आता तूच बघ' अशा शब्दांत. त्या निर्णयावर सरकारी पत्राचा काडीचाही परिणाम होत नाही.

या घरातल्या निर्णयाचा एक कोपरा असा आहे, ज्याबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही. आजार आनुवंशिक असेल तर? जो रोग भावाच्या रक्तात आहे तोच देणाऱ्या बहिणीच्या रक्तात गुपचूप बसलेला असेल तर? आपण तिला 'दाता' म्हणतो, तिचं कौतुक करतो. आणि ती स्वतःच रुग्ण निघते. असं खरंच होतं. टेलोमेरच्या आजारांत तर हे फारच ठळक दिसतं, म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. नवी साडी आणली की आपण आधी फॉल-पिको करून घेतो. पिको नसेल तर प्रत्येक धुण्यात कडेचे धागे सुटत जातात आणि एक दिवस साडीच उसवू लागते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, त्यांच्या टोकांनाही असाच पिको असतो. त्याला म्हणतात टेलोमेर. पेशी दुभंगून नवी पेशी तयार होते, तेव्हा दर वेळी हा पिको थोडा थोडा झिजतो. ज्या पेशींना सतत नव्या पेशी बनवायच्या असतात, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेच्या वगैरे, त्यांच्याकडे तो पुन्हा घालणारा एक शिंपीही असतो. त्याचं नाव टेलोमरेज. हे सगळं उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांना २००९ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक. तिघांत दोन बायका, हे मुद्दाम सांगते! ग्रायडर तेव्हा ब्लॅकबर्नबाईंची विद्यार्थिनी होती, आणि १९८४ च्या नाताळच्या दिवशी सुट्टी न घेता प्रयोगशाळेत गेली म्हणून तिला त्या शिंप्याची पहिली खूण दिसली.

काही घराण्यांत या शिंप्याच्या जनुकातच दोष असतो. मग पिको जन्मापासूनच आखूड. ज्या अवयवांत नव्या पेशींची गरज सतत, ते आधी थकतात. अस्थिमज्जा थकली की रक्त कमी पडतं, प्लेटलेट्स घसरतात. फुप्फुसं कडक होऊ लागतात, माणूस दोन जिने चढला की धापा टाकतो. यकृत, म्हणजे आपलं लिव्हर, दारूच्या थेंबाशिवाय खराब होतं. लहानपणीच दिसणाऱ्या प्रकाराला 'डिस्केराटोसिस कंजेनिटा' असं लांबलचक नाव आहे. त्यात नखं वेडीवाकडी होतात, मानेवर जाळीसारखे डाग पडतात आणि तोंडात पांढरा चट्टा येतो. आपल्याकडे पांढरा चट्टा दिसला की मिसरी-तंबाखूवर ठपका ठेवून मोकळे. पण ज्या पोराने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही त्याच्या जिभेवर तो का आला, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा ना?

दुसरी गंमत (गंमत कसली म्हणा!) म्हणजे हा आजार पिढीगणिक लवकर गाठतो. आखूड पिको पुढच्या पिढीला आणखी आखूड होऊन मिळतो. आजोबांचे केस पंचविशीत पांढरे आणि म्हातारपणी दम. त्यांच्या मुलाची फुप्फुसं पन्नाशीत गेलेली. आणि नातवाचं रक्त विशीतच तयार होईनासं झालेलं. तिघांचे डॉक्टर वेगळे, तिघांच्या फायली वेगळ्या, आजारांची नावंही वेगळी. एकाला दमा म्हणाले, एकाला टीबीच्या गोळ्या दिल्या, एकाला अॅनिमिया. हा एकच धागा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. फुप्फुसं कडक होण्याच्या आजारामागे काही घराण्यांत हेच जनुक असतं, हे शास्त्रज्ञांनाही कळायला २००७ साल उजाडावं लागलं.

आता उपचाराचं. मूळ दोष दुरुस्त करणारं औषध अजून हातात नाही. डॅनाझोल नावाच्या जुन्या संप्रेरक औषधाने काही रुग्णांचं रक्त सुधारतं, २०१६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण अवयव पारच निकामी झाला की प्रत्यारोपणच उरतं. अस्थिमज्जा, यकृत, फुप्फुस, तिन्हींची प्रत्यारोपणं या रुग्णांमध्ये होतात आणि माणसं त्यातून उठतात. मात्र इथे नेहमीचा हिशेब चालत नाही. अस्थिमज्जा बदलण्याआधी रुग्णाला जी जबर औषधं आणि किरणं देतात, ती या रुग्णांच्या नाजूक फुप्फुसांना आणि यकृताला झेपत नाहीत, म्हणून मात्रा सौम्य ठेवावी लागते. फुप्फुस बदलल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या, त्यातल्या काही गोळ्या रक्तपेशी आणखी कमी करतात. मुळातच थकलेल्या अस्थिमज्जेवर हा दुसरा घाव. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बदलला तो एक अवयव. बाकी साडी तशीच, बिनपिकोची. रक्त सुधारलेल्या मुलाला पुढे दहा वर्षांनी फुप्फुसांचा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना हे आधी माहीत असलं तर ते त्याप्रमाणे आखणी करतात. म्हणूनच प्रत्यारोपणाच्या आधी निदान नेमकं व्हायला हवं, नंतर नाही.

फुप्फुस बहुधा मृत दात्याकडूनच येतं. पण अस्थिमज्जा आणि यकृताचा तुकडा घरातून येतो. आणि घरातून म्हणजे कुणाकडून, ते वरच्या आकड्यांनी सांगितलंच. (अस्थिमज्जा त्या आकड्यांत धरलेली नाही, पण सवय तीच.)

आमच्या भिशीत एक मैत्रीण आहे. नाव नको. तिच्या चोवीस वर्षांच्या भावाला अस्थिमज्जेचा आजार निघाला. शहरातल्या मोठ्या इस्पितळात गाठोडं घेऊन सगळे गेले. सख्ख्या बहीण-भावाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. हिचं जुळलं. घरात पेढेच वाटायचे बाकी होते. हिच्या सासरी मात्र आधी बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, "आमची सून आहे, उद्या तिला काही झालं तर पोरांचं कोण बघणार?" नवरा म्हणाला, "तुझा भाऊ आहे, तू ठरव." ही दोन्ही वाक्यं तिने मला सांगितली तेव्हा मी विचारलं, "आणि तुझी तब्येत कशी आहे, हे कुणी विचारलं का?" ती हसली. म्हणाली, "मला काय झालंय?"

झालं होतं की! लहानपणापासून तिला जरा कुठे धक्का लागला की निळं पडायचं. दोन्ही बाळंतपणांत रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्यांचा मारा झाला. बायकांचं रक्त कमीच असतं, यात नवल ते काय, असं समजून कुणी पुढे गेलंच नाही. नशीब असं, की इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भावाची नखं पाहिली, जनुकाची तपासणी करायला लावली आणि मग बहिणीचीही. दोघांतही तोच दोष.

ते तसंच पुढे ढकललं असतं तर? रक्तातून मूळपेशी गोळा करण्यासाठी दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात. तिची थकलेली अस्थिमज्जा पुरेशा पेशी देऊ शकली नसती किंवा दिल्या असत्या तर त्या भावाच्या अंगात जाऊन पुन्हा तशाच थकल्या असत्या. भावाचं भलं नाही आणि हिच्यावर उगीच ताण. यकृताच्या बाबतीत तर आणखीच. यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढला तरी निरोगी माणसात तो काही महिन्यांत भरून येतो, आणि तरीही हजारात एक ते पाच दात्यांचा जीव जातो, हा निरोगी दात्यांचा हिशेब. ज्याच्या पेशींना नवं काही घडवणंच जड जातं, त्याने त्या टेबलावर झोपावं का?

त्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना पहिला प्रश्न विचारला होता, "घराण्यात आणखी कुणाला?" एकमुखाने उत्तर मिळालं, "कुणालाच नाही." मैत्रिणीची आई गप्प होती. तिचे स्वतःचे केस पंचविसाव्या वर्षी पांढरे झालेले, लग्नात मेंदी लावून झाकलेले. तिचा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, धाप लागून पन्नाशीत गेला, विडी-सिगारेटला कधी हात न लावता. पण तेव्हा धाकट्या मावशीचं लग्न ठरत होतं, म्हणून 'टीबी होता, बरा झाला होता, मग न्यूमोनिया झाला' असं सांगायचं ठरलं. तीस वर्षं तेच सांगितलं गेलं. तिला दोष कसा देऊ? मुलीच्या स्थळात 'खोड' निघू नये म्हणून आपल्या प्रत्येकीच्या माहेरी एखादं असं झाकलेलं पान आहेच. पण त्या झाकलेल्या पानामुळे तिची लेक भलत्याच टेबलावर झोपायला निघाली होती.

मग भावाचं काय झालं? देणारा दुसरा शोधला. परक्या दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत, चेन्नईची 'दात्री' २००९ पासून हे काम करते. तिथे जुळणारा कुणी मिळाला नाही. मग निम्मं जुळणारा दाता घेऊन करायची पद्धत निवडली. आजार आईच्या बाजूने आलेला, म्हणजे वडील मोकळे. बावन्न वर्षांचे, तब्येत ठणठणीत. इतके दिवस त्यांचं नावही निघालं नव्हतं, कारण 'दुकान कोण बघणार?' ते तीन आठवडे दुकान बंद ठेवून गेले. दुकान काही बुडालं नाही. मुलगा अजून औषधांवर आहे, पण घरी आहे.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ मध्ये तो सुधारला, २०१४ मध्ये नियम आले. त्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की देणारी स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावी. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही आपली घरं ठाऊक होती! पण संमती म्हणजे नुसती सही नव्हे. आपल्याला स्वतःला काय आजार असू शकतो हे जिला सांगितलेलंच नाही, तिची संमती कसली स्वतंत्र? माझं स्पष्ट मत आहे, की आनुवंशिक आजारात रक्ताच्या नात्यातल्या दात्याची जनुकीय तपासणी झाल्याशिवाय कागद पुढे सरकताच कामा नये. आणि दात्याचा डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरपेक्षा वेगळा असावा, जो फक्त तिच्या बाजूने विचार करील. जास्त गुण देण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, हे गरजेचं आहे.

खर्च? आधी रुग्णाची तपासणी होते, दोष नेमका कुठे आहे ते कळतं. मग नातेवाइकांत तेवढीच एक जागा बघायची असते, ते तुलनेने स्वस्त पडतं. पूर्ण प्रत्यारोपणाच्या लाखांच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

खरी अडचण पैशाची नाहीच. तपासणीचा कागद हातात आल्यावर काय करायचं, ही आहे. माझ्या मैत्रिणीने सासरी सांगावं का? तिच्या मुलीची तपासणी करावी का? आत्ता की सज्ञान झाल्यावर तिनेच ठरवावं? नेहमीच्या प्रकारात आई-बापांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. एका प्रकारात मात्र दोष आईकडून मुलाला जातो आणि आईला स्वतःला फारसा त्रास नसतो. तिथे तर 'हिच्यामुळे झालं' हे वाक्य घरात तयारच असतं. जनुकं कुणी निवडून आणत नाही, आणि तुमच्या सासूबाईंनी त्यांच्या मुलाला दिलेल्या जनुकांचा हिशेब कुणी मागितलेला नाही, एवढं उत्तर द्यायला हरकत नाही. तपासणीआधी समुपदेशन हवं, आणि कागद कुणाला दाखवायचा हे ठरवण्याचा हक्क तिचा. माझ्या मैत्रिणीने नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना नाही. ती आता दर वर्षी रक्त आणि फुप्फुसांची तपासणी करते. तंबाखूचा धूर तर अशा फुप्फुसांचा वैरीच, म्हणून घरात कुणी सिगारेट पेटवायची नाही, असा नियम केलाय. दीर पाहुणा आला तरी.

एक सांगते, म्हणजे उगीच घाबरगुंडी नको. केस लवकर पांढरे झाले म्हणजे हा आजार नव्हे. आपल्याकडे पंचविशीत पांढरे केस असणारे ढिगाने आहेत आणि बहुतेक ठणठणीत आहेत. हा आजार दुर्मीळ आहे. आणि हल्ली 'टेलोमेर वाढवा, तरुण राहा' म्हणत पावडरी आणि गोळ्या विकणारे निघालेत, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. त्यांचा आणि या आजाराचा काही संबंध नाही. लक्ष द्यायचं ते एकत्र दिसणाऱ्या खुणांकडे. एकाच घराण्यात लवकर पिकलेले केस, कडक झालेली फुप्फुसं, कारण नसताना बिघडलेलं यकृत, घसरलेलं रक्त, वाकडी नखं. यातल्या दोन-तीन गोष्टी वेगवेगळ्या माणसांत दिसल्या तर डॉक्टरांसमोर त्या एकत्र मांडायला हव्यात.

आणि मांडणार कोण? घरातल्या पुरुषांना चुलत्याची जमीन किती हे ठाऊक असतं, चुलती कशाने गेली ते नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढायला गावोगावी लोक धावले, ते आपण पाहिलंच. त्या वंशावळीत खापरपणजोबापासून सगळे पुरुष असतात आणि लेकी बहुतेक वेळा गळालेल्या असतात. आजाराची वंशावळ काढायची तर वहीचं एक पान पुरे. आई-वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, मावश्या, काका, आत्या, त्यांची मुलं. प्रत्येकासमोर वय, आणि गेलेल्यांपुढे कशाने गेले ते, 'दमा म्हणायचे' असं असेल तर तसंच. लग्न होऊन गेलेल्या आत्यांची आणि त्यांच्या मुलांची माहिती फोन करून विचारा, त्या सांगतात. त्यांना इतकी वर्षं कुणी विचारलेलं नसतं.